मुलांना गोष्टीच्या पुस्तकांची गोडी लावायचीय? आळीत पुस्तक कट्टा कसा सुरू करायचा, पहिल्या दिवसापासून सांगते

वाईत आमच्या आळीतल्या पोरांसाठी मी दर शनिवारी संध्याकाळी पुस्तकांचा कट्टा भरवते, त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. मी शिक्षिका नाही, ग्रंथपाल पण नाही, घरी शिवणकाम करते. सुरू केलं तेव्हा नीट सांगणारं कोणी भेटलं नाही म्हणून बरंच चाचपडत शिकले. आता ओळखीतलं कोणी ना कोणी विचारत असतं की आमच्या सोसायटीत, आमच्या वाडीवर असं काही करायचं तर काय काय लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

आधी माझी सगळ्यात मोठी चूक सांगते कारण तीच चूक बहुतेक सगळे करतात. पहिल्याच महिन्यात मी पोरांना वह्या करायला लावल्या, पुस्तक वाचलं की त्याचा सारांश लिहायचा आणि महिनाअखेरीला सगळ्यात जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला कंपासपेटी. झालं काय, पोरं सगळ्यात बारीक पुस्तकं शोधायला लागली, मागच्या कव्हरवरचा मजकूर वहीत उतरवायला लागली, आणि बक्षीस वाटून झालं त्याच्या पुढच्या शनिवारी बावीसातली सहाच पोरं आली. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, काकू शाळेचा पण होमवर्क असतो आणि तुमचा पण. त्या दिवशी मी वह्या बंद केल्या आणि एकच नियम ठेवला की पुस्तकाच्या बदल्यात पोराकडून काहीही मागायचं नाही. पुढचं सगळं या एका नियमावर उभं आहे, तेवढा मात्र सोडू नका.

१. आधी आठ दिवस पोरांचं नुसतं ऐका

पुस्तकं विकत घ्यायला लगेच पळू नका. आळीत पोरं खेळतात तिथे जाऊन बसा, ती कशाबद्दल बोलतात ते बघा. आमच्याकडे विषय निघाले ते असे: भूत, साप, क्रिकेट, ट्रॅक्टर, कुत्र्याची पिल्लं, कृष्णेच्या घाटावर कोण किती लांब पोहतं, आणि शाळेतल्या मारामाऱ्या. मी मनात धरलं होतं संस्कार, थोरांची चरित्रं वगैरे. चरित्रं वाईट नाहीत, आमच्याकडे पण आहेत आणि आता पोरं ती घेतात सुद्धा, पण ज्या पोराने आजवर पाठ्यपुस्तकाबाहेरचं एक पान वाचलेलं नाही त्याला पहिलं पुस्तक सापांचंच द्या.

२. सामान काय लागतं

फार काही लागत नाही. मी सुरुवात केली ती अशी:

- 40 पुस्तकं (याहून कमी असली तर पोरं दोन आठवड्यात कंटाळतात, पण 200 ची वाट बघत बसायची अजिबात गरज नाही)
- एक मोठी सतरंजी
- सुतळी आणि कपड्यांचे चिमटे
- प्लास्टिकचे दोन क्रेट, आमच्याकडे स्ट्रॉबेरीचे सहज मिळतात, तुमच्याकडे भाजीचे बघा
- एक शंभर पानी वही, देवघेवीसाठी
- रुंद सेलोटेप, फेविकॉल, जाड सुई आणि दोरा, फाटलेल्या पुस्तकांसाठी
- झाकणाची पत्र्याची ट्रंक, पुस्तकं ठेवायला

स्वतःच्या ओसरीवर किंवा अंगणात करत असाल तर कागदपत्रं काही लागत नाहीत. देवळाचा मंडप, समाजमंदिर किंवा सोसायटीचा हॉल वापरणार असाल तर मात्र साध्या कागदावर अर्ज द्या आणि त्याच्यावर वार, वेळ, कोण जबाबदार हे लिहून सही घेऊन ठेवा, तोंडी परवानगी पुढच्या कमिटीला आठवत नाही. आणि प्रत्येक मुलाच्या घरचा एक फोन नंबर वहीत पाहिजेच.

३. पुस्तकं कुठून आणायची

इथे लोक सगळ्यात जास्त अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

फुकटातला सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेली वेबसाईट आहे, मराठीत भरपूर चित्रगोष्टी आहेत, मोबाईलवर वाचता येतात, पीडीएफ उतरवता येते आणि प्रिंट काढायला परवानगी आहे. गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या असतात, पहिल्या पातळीत एका पानावर एखाद दुसरं वाक्य आणि चौथीत सलग मोठा मजकूर. मी सुरुवातीला दहा गोष्टी साध्या काळ्या-पांढऱ्या काढल्या आणि मधून शिवल्या. रंगीत प्रिंट महाग पडते, त्यापेक्षा काळी-पांढरी काढून पोरांनाच रंगवायला द्या, त्या निमित्ताने तीच गोष्ट चार वेळा वाचून होते.

दुसरं, किशोर मासिक. बालभारती काढते, 1971 पासून. जुने अंक त्यांनी इंटरनेटवर मोफत ठेवलेत, आणि रद्दीच्या दुकानात कागदी अंक पण मिळून जातात. मासिकाचा फायदा म्हणजे कोडं सोडवून, चित्रं बघून, एखादी कविता वाचून पोरगं उठू शकतं, पूर्ण वाचायचं दडपण येत नाही. ज्यांना पुस्तक जाड वाटतं त्यांच्या हातात आधी हे द्या.

विकत घ्यायची असतील तर नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला बघा, किंमती आपल्याला झेपतील अशा असतात. लहानांच्या चित्रपुस्तकांसाठी ज्योत्स्ना प्रकाशन, त्यांची भाषा घरात बोलतो तशी असते आणि चित्रं बघत बसावीशी वाटतात. पुण्याला कोणी जाणार असेल तर अप्पा बळवंत चौकात यादी देऊन पाठवा, एकदम घेतली तर सूट मागा, बहुतेक दुकानं देतात.

आणखी एक, मालिकेतली पुस्तकं आवर्जून घ्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या ना, एक आवडलं की पोरगं स्वतःहून पुढचं मागतं आणि मग महिनोनमहिने तुम्हाला काही करावं लागत नाही. पहिलं पुस्तक गळी उतरवायला कष्ट, नंतर ओळखीचा माणूस परत भेटल्यासारखं होतं त्यांना.

गावातलं सार्वजनिक वाचनालय विसरू नका. आपल्या राज्यात 1967 चा ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली अनुदान मिळणारी अ, ब, क, ड वर्गाची वाचनालयं गावोगाव आहेत. बऱ्याच ठिकाणी बालविभाग असतो, थोडी अनामत आणि किरकोळ वर्गणी. तिथल्या ग्रंथपालांना जाऊन भेटा आणि सांगा की आम्ही असं असं करतोय. मी एका वाचनालयात माझ्या नावावर वर्गणी भरली, दर पंधरा दिवसांनी पुस्तकं बदलून आणते, म्हणजे कट्ट्यावर सतत काहीतरी नवीन दिसतं. ही पुस्तकं मात्र घरी देऊ नका, कट्ट्यावरच वाचायची. हरवलं तर भरून तुम्हाला द्यावं लागतं.

लोकांकडून दान घेताना सावध. तुम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला की दोन दिवसांत पोतं भरून पुस्तकं येतील आणि त्यात जुनी गाईडं, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, पोथ्या, मोठ्या माणसांच्या कादंबऱ्या आणि कव्हर नसलेले दिवाळी अंक जास्त असतील. पोरांसमोर पोतं उघडू नका, आधी एकट्याने बसून निवडा. जे चालणार नाही ते देणाऱ्याला नीट सांगून परत करा किंवा रद्दीत घाला, दानाचं आहे म्हणून कट्ट्यावर मांडू नका. भिकार पुस्तकांच्या ढिगात चांगली दहा पुस्तकं दिसेनाशी होतात.

४. पुस्तकं मांडायची कशी

कणा बाहेर ठेवून रांगेत लावलेलं पुस्तक लहान मूल उचलत नाही. चित्र दिसलं पाहिजे. म्हणून भिंतीला सुतळी बांधा, पोराच्या खांद्याएवढ्या उंचीवर, आणि पुस्तकं चिमट्याने लटकवा. उरलेली क्रेटमध्ये उभी, हात घालून चाळता येतील अशी. दर आठवड्याला पुढची पुस्तकं मागे करा. हात धुवून या, पान दुमडू नका, ओरडू नका अशा पाट्या मी लावल्या होत्या त्या काढून टाकल्या, आता नवीन पोराला जुनी पोरंच सांगतात.

५. रोज किंवा दर कट्ट्याला मोठ्याने वाचून दाखवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकी काही जमलं नाही आणि एवढंच केलं तरी चालेल असं मी खात्रीने सांगते.

पंधरा-वीस मिनिटं बास. आधी घरी एकदा मोठ्याने वाचून बघा, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा ते कळतं. पुस्तक पोरांकडे तोंड करून धरा म्हणजे चित्रं दिसतात. मधेच अवघड शब्द आला तर लगेच अर्थ सांगायला थांबू नका, गोष्टीच्या ओघात पोरांना अंदाज येतो, आणि नाही आला तर ती विचारतात. आमच्या पोरांची भाषा म्हणजे सातारी, “मी न्हाय गेलो”, “आरं कुठं हाय”. गोष्टीतलं एखादं पात्र त्या बोलीत बोललं तर बोलीतच वाचा, पोरं एकदम पुढे सरकून बसतात.

मोठं पुस्तक असेल तर ऐन रंगात आल्यावर थांबा आणि पुस्तक तिथेच सतरंजीवर ठेवून चहा घ्यायला आत जा. मी एका विहिरीच्या गोष्टीत, मुलगा विहिरीत उतरतो तिथे थांबले होते. बाहेर येऊन बघते तर सहा डोकी एका पुस्तकावर वाकलेली, आणि जिला वाचता येत होतं ती मोठ्याने वाचत होती. तेव्हापासून मुद्दाम तसं करते.

सातवी-आठवीची पोरं मोठी झाली, त्यांना काय वाचून दाखवायचं, असं समजू नका. ती लांब कठड्यावर बसतात, लक्ष नसल्यासारखं करतात, पण ऐकत असतात. त्यांना जवळ या म्हणून बोलावू नका.

वाचून झालं की पुस्तक मिटा आणि गप्प बसा. काय शिकलात, तात्पर्य काय, तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं, यातलं काहीही विचारायचं नाही. पोरं स्वतः बोलायला लागली तर ऐका. कधी बोलतात, कधी उठून लपाछपी खेळायला पळतात, दोन्ही ठीक.

६. कोणाला कोणतं पुस्तक

साधी युक्ती आहे, पाच बोटांची. पोराला मधलं कुठलंही पान वाचू द्या, अडला तो प्रत्येक शब्द म्हणजे एक बोट. एका पानात पाच बोटं झाली तर ते पुस्तक सध्या अवघड, ठेवून द्या. एक-दोन बोटं म्हणजे बरोबर. एकही नाही तरी घेऊ द्या, सोपं वाचायला मजा येते आणि वेग वाढतो.

आपल्याकडे पोरं अडतात ती जोडाक्षरांवर. चौथीत असून “स्वयंपाक”, “आश्चर्य” वर थांबणारी पोरं मी रोज बघते. त्यांना जोडाक्षर कमी असलेली, मोठ्या टाइपातली पुस्तकं द्या. पण इथे एक नाजूक गोष्ट आहे. सहावी-सातवीच्या मुलाला पहिलीचं पुस्तक सगळ्यांसमोर दिलं तर तो परत येत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. आमच्याकडे सातवीतला एक मुलगा असाच होता, अक्षर लावत लावत वाचायचा म्हणून पुस्तकालाच हात लावायचा नाही. मी त्याला म्हटलं, बालवाडीच्या पोरांना गोष्ट वाचून दाखवायला कोणीतरी पाहिजे, मला शिवणाच्या ऑर्डरी आहेत, तू दाखवशील का. तो चार दिवस आधी पुस्तक घरी न्यायचा, धाकट्या बहिणीसमोर तयारी करायचा आणि शनिवारी बारक्यांना वाचून दाखवायचा. आता बारक्यांना वाचून दाखवायचं म्हणजे पुस्तक सोपंच असणार ना, त्याची लाज कशाला वाटेल. वर्षभरात तो स्वतःसाठी पुस्तकं मागायला लागला. असा एखादा तुमच्याकडे पण असेल, त्याला काम द्या.

चित्रकथा, विनोदाची पुस्तकं, क्रिकेटचे आकडे, विमानांची माहिती, हे सगळं वाचनच आहे. अर्धं वाचून परत दिलं तर का म्हणून विचारू नका. तेच पुस्तक सातव्यांदा नेलं तरी नेऊ द्या.

इंग्लिश मीडियमची पोरं असतील तर थोडा वेगळा विचार करा. त्यांना मराठी बोलता येतं पण वाचायचा कंटाळा येतो. त्यांच्यासाठी आधी ऐकणं, मग दोन्ही भाषांत असलेली पुस्तकं, स्टोरीवीव्हरवर एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत मिळते. इंग्रजी पुस्तकं पण ठेवा, भाषेवरून भांडण लावू नका.

७. देवघेव पोरांच्या हातात द्या

वहीत चार रकाने पुरतात: तारीख, पुस्तकाचं नाव, नेणाऱ्याचं नाव, परत आलं का. दर महिन्याला दोन पोरं पाळीने रजिस्टर सांभाळतात, पाचवीच्या वरची. एका वेळी एक पुस्तक, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत तीन.

दंड ठेवू नका. मी सुरुवातीला दिवसाला एक रुपया ठेवला होता, त्याने पुस्तक परत आलं नाही, पोरगं यायचं बंद झालं. हरवलं तर सांगायचं, बस. तीन वर्षांत आमची चौदा पुस्तकं हरवली, काही पावसात भिजली, एक गाईच्या बछड्याने खाल्लं. तेवढं गृहीत धरा. फाटलेली पुस्तकं चिकटवायला पोरांनाच बसवा, ज्याने एकदा पान चिकटवलंय तो पुढे जपून वापरतो.

८. शाळेत करायचं असेल तर

बऱ्याच शाळांत पुस्तकं असतात पण कपाटात, आणि कपाटाला कुलूप. मी एका शाळेत विचारलं तर बाई म्हणाल्या, पुस्तकं दाखल रजिस्टरला आहेत, हरवली तर भरून कोण देणार. त्यांची भीती खोटी नाही, तपासणीला उत्तर त्यांना द्यावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे शाळेच्या रजिस्टरमध्ये न चढवलेली, पालकांनी वापरायला दिलेली वेगळी पेटी वर्गात ठेवायची. पन्नास पुस्तकं, पेटीवर लिहायचं की ही पालकांची पेटी. मुख्याध्यापकांना तसं पत्र द्या. हरवलं तर कोणाच्या अंगावर येत नाही, मग शिक्षकही मोकळेपणाने देतात.

आणि रोजचा एक ठरलेला वेळ मागा, मधल्या सुट्टीनंतरची पंधरा मिनिटं. त्या वेळात शिक्षकांनी पण स्वतःचं काहीतरी वाचायचं, पेपर तपासायचे नाहीत. 15 ऑक्टोबरला अब्दुल कलामांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन असतो, 2015 पासून शाळाशाळांत होतो, त्या दिवशी भाषणं आणि फोटो यात वेळ जाऊ देऊ नका, पेटी उघडायचा मुहूर्त म्हणून तो दिवस घ्या. त्याच सुमारास सहामाही असते आणि मग दिवाळीची सुट्टी लागते, तेव्हा सुट्टीत घरी पुस्तकं न्यायची परवानगी आधीच मागून ठेवा.

९. घरच्यांशी बोलायचं कसं

पालकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: गोष्टीची पुस्तकं बाजूला ठेव आणि अभ्यास कर. त्यांच्याशी वाद घालू नका, एकदा कट्ट्यावर येऊन बसा म्हणा. आमच्याकडे काही आया आता पोरांना सोडायला येतात आणि मागे बसून गोष्ट ऐकतात, एका आजींना तर गोष्ट अर्धी राहिलेली चालत नाही. त्यांना घरी करायला एकच गोष्ट सांगते, झोपायच्या आधी दहा मिनिटं पोराजवळ बसून कोणीही वाचून दाखवा, वाचता येत नसेल तर पोराला वाचायला सांगा आणि तुम्ही ऐका, मधे चुका काढू नका.

मोबाईलला शिव्या देऊन काही होत नाही. “मोबाईल ठेव आणि पुस्तक घे” म्हटलं की पुस्तक ही शिक्षा होते. कट्ट्याच्या वेळेत मी माझा स्वतःचा फोन आत ठेवते, पोरांना काही सांगत नाही.

१०. वर्षातून एकदा बाहेर न्या

आमच्यापासून पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या पुढे भिलार आहे, पुस्तकांचं गाव, 4 मे 2017 ला सुरू झालं. तिथे लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तकं मांडलेली आहेत, एकेका घरात एकेक विषय, आणि कोणीही जाऊन फुकट वाचत बसायचं. आम्ही अठरा पोरं टेम्पो करून नेली. मला वाटलं होतं फिरतील, धिंगाणा करतील, तर तीन तास एका घराच्या ओसरीतून उठायला तयार नाहीत. परक्या माणसाच्या घरात बसून निवांत वाचता येतं, कोणी हटकत नाही, हे त्यांना फार भारी वाटलं. लांब असाल तर जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवाला न्या, प्रत्येकाच्या हातात पन्नास रुपये द्या आणि निवडू द्या. काय निवडलं त्यावर शेरा मारू नका, तीस रुपयांचं भुताचं पुस्तक घेऊन वीस रुपयांची भेळ खाल्ली तरी.

११. पावसाळ्याची तयारी

हे कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. जूनच्या आधी सगळी पुस्तकं एकदा सकाळच्या कोवळ्या उन्हात पसरा, दुपारच्या कडक उन्हात नको, डिंक सुकून पानं सुटतात. ट्रंकेच्या तळाला वर्तमानपत्र आणि कडुलिंबाची नीट वाळवलेली पानं घाला, कसर लागत नाही. डांबरगोळ्या टाकू नका, बारकी पोरं तोंडात घालतात. ट्रंक भिंतीला टेकवून किंवा थेट फरशीवर ठेवू नका, खाली दोन विटा द्या. भिजून आलेलं पुस्तक मिटून ठेवलं की पानं चिकटतात, ते उभं करून पंख्याखाली पानं फाकवून ठेवा, आणि घरी नेताना प्रत्येकाला दुधाची धुतलेली पिशवी द्या. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला की खेळायला बाहेर जाता येत नाही, तेव्हा कट्ट्यावर सगळ्यात जास्त पोरं येतात, त्यामुळे ओसरी गळत असेल तर मे महिन्यातच कौलं बघून घ्या.